कोणते लोक, अनंतराव?

बातमी आली तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो. लोअर हटहून वेलिंग्टनला जाणारी सकाळची नेहमीची गाडी, डावीकडे बंदराचं करडं पाणी. फोन प्रज्ञाचा होता, शालिनीताईंच्या मुलीचा. "अनंतदादा, आई गेली. पहाटे, झोपेतच." अशा वेळी जे म्हणायचं असतं ते सगळं मी म्हणालो. काही लागलं तर सांग, आम्ही येतोच... फोन ठेवल्यावर मनात जो पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते, पण तो गाळून या बाईंबद्दल लिहिता येणार नाही. वाटलं, चला, आता ते सांगायला नको. दोन वर्षं त्यांची माफी मागायची राहिली होती आणि त्या गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आज सहा आठवडे होत आले, तरी त्या सुटकेचा मला राग येतो.

शालिनीताई नागपूरच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला आल्या. पांढरी सुती साडी, वर जावयाचं जुनं जॅकेट आणि पायात चक्क स्पोर्ट्स शूज. मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. तेव्हा म्हणजे काय, मंडळ स्थापन झाल्यापासून मीच होतो. आमच्या रविवारच्या मराठी वर्गाला शिक्षक टिकत नव्हते. या बाई स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, "मी इतिहास शिकवीन."

"अहो, पण आमच्या मुलांना धड मराठी बोलता येत नाही."

"विषय चांगला असला की मुलं भांडतात. भांडायला लागली की बोलतात."

त्यांनी विषय निवडला तो अठराव्या शतकाचा. मी कुत्सितपणे म्हटलं, शिवाजी महाराज सोडून फ्रान्सचा राजा कशाला? पण पहिल्याच रविवारी माझी ईशा गाडीत बसल्या बसल्या मला विचारायला लागली, "बाबा, राजाला राज्य देवानं दिलं, हे कशावरून?" हा 'कशावरून' ताईंचा. त्या सांगायच्या, शेकडो वर्षं राजा म्हणत होता, मला देवानं नेमलं, आणि लोक मान डोलावत होते. मग काही माणसं लिहू लागली, वाद घालू लागली. त्यांनी तोफ डागली नाही, फक्त विचारलं, कशावरून? राज्य लोकांच्या संमतीनं चालायला हवं, असं एकदा कागदावर आलं आणि तो कागद हातोहात फिरला, की राजवाड्याच्या भिंती कितीही जाड असल्या तरी उपयोग नसतो. आधी अमेरिकेत, मग फ्रान्समध्ये तेच झालं. पण त्या भाबड्या नव्हत्या. पुढे पॅरिसमध्ये किती जणांची मुंडकी उडाली, हेही त्या तितक्याच स्वच्छ शब्दांत सांगत.

त्यांचा खरा आवडता धडा त्यापुढचा होता. माणसं समान आहेत असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर बायका नव्हत्या, गुलाम तर नव्हतेच. पण समुद्रापलीकडच्या एका बेटावर उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांच्या कानावर ते शब्द गेले. ते म्हणाले, माणसं म्हणजे आम्हीसुद्धा, आणि उठले. "ज्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं, त्यांनीच ते नीट वाचलं," ताई म्हणायच्या. त्या दिवसापासून वर्गात गोल मांडलेल्या खुर्च्यांत एक रिकामी राहू लागली. जो या खोलीत नाही त्याची ती खुर्ची. आज ती कोणाची, हे दर रविवारी मुलांनी ठरवायचं. कधी त्या बेटावरचे गुलाम, कधी पॅरिसमधल्या पाव मागणाऱ्या बायका, तर कधी रविवारी हॉस्पिटलात शिफ्ट असलेली कोणाची आई. मला तो सगळा प्रकार थोडा नाटकी वाटे.

आणि मग मी माझ्याच हातानं घोळ घातला. ताईंनी मुलांना वाचायला सोप्या मराठीतला काहीतरी छापील मजकूर मागितला. घरात होते ते दिवाळी अंक मुलांना जड गेले असते. माझ्या ड्रॉवरमध्ये मंडळाच्या घटनेच्या वीस झेरॉक्स प्रती पडून होत्या, त्या दिल्या. ती घटना मीच लिहिली होती आणि मला तिचा अभिमान होता. पहिलं कलम असं, 'मंडळाचे सर्व सभासद समान आहेत.' भारदस्त वाटतं म्हणून घातलं होतं. नवव्या कलमात होतं की कार्यकारिणी फक्त चार संस्थापक नेमतील. तोवरच्या सात वर्षांत हे नववं कलम कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर लावत ते वाचलं त्या मुलांनी.

वार्षिक सभेला दीडशे माणसं होती. मी अहवाल वाचला, टाळ्या झाल्या, आणि ईशा उभी राहिली. सतरा वर्षांची माझी मुलगी, हातात तीच झेरॉक्स. "अध्यक्ष महोदय," ती म्हणाली. "कलम एक खरं असेल तर कलम नऊ का आहे? आणि कलम नऊ खरं असेल, तर... समान कशावरून?" घरी एक वाक्य धड मराठीत न बोलणारी पोरगी. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मग मागून आवाज आले, बरोबर आहे तिचं, आम्ही काय फक्त वर्गणी भरायची? एक जण ओरडला, "अध्यक्षांना आत्ताच खाली उतरवा!" तेवढ्यात शालिनीताई उठल्या. "नियम बदला," त्या म्हणाल्या, "माणसाचा अपमान करू नका. यांनी हे मंडळ उभं केलंय." आवाज हळूहळू खाली आले.

त्या दिवशी मला वाचवणारी ती एकच बाई होती. आणि पंधरा मिनिटांनी हॉलच्या किचनमध्ये, त्या चहाचे कप विसळत असताना, मी दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "मुलांना चिथवलंत ना? तुमच्या लोकांना कुठेही गेलं तरी आंदोलनच करायचं असतं."

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. माझ्याकडे वळून विचारलं, "कोणते लोक, अनंतराव?"

मला उत्तर ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि मी जन्माला आलो त्या घरात तसले फोटो नसत, इतकं साधं ते उत्तर होतं. पुण्यात असताना मी हे कोणाला तोंडावर म्हणालो नसतो. मला वाटायचं की ते मी मागे टाकून आलो. ताईंनी बराच वेळ वाट पाहिली, मग पुन्हा नळ सोडला आणि उरलेले कप धुतले.

कलम नऊ पुढच्या सभेत रद्द झालं. निवडणूक झाली, दुसरा अध्यक्ष आला, आणि मी मंडळात जाणं बंद केलं. ईशाला वर्गाला सोडायचो, पण गाडीतून उतरायचो नाही. तीनदा ताईंच्या घरापर्यंत गेलो आणि गाडी वळवून परत आलो. एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत त्या समोरच उभ्या राहिल्या, हातात दुधाची बाटली. "बरे आहात ना?" इतकंच विचारलं. मी "हो हो" म्हणून ब्रेड उचलला आणि सटकलो. घटना लिहिणारा मी, मला एक वाक्य जुळवता येईना.

अंत्यविधीला पांढरे कपडे घालून शेवटच्या रांगेत बसलो. बुद्धवंदना चालू असताना सगळे हात जोडून होते, मी माझ्या बुटांकडे बघत होतो. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ईशा म्हणाली, "वर्ग आहे आज. आता मीच घेते. सोडशील?" या वेळी मी गाडीतून उतरलो.

शाळेच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. प्रज्ञाही आली होती. एक खुर्ची रिकामी दिसली, मी तिकडे वळलो, तर वर्गातली नऊ-दहा वर्षांची रिया, ताईंना आजी म्हणणारी, म्हणाली, "अंकल, नॉट दॅट वन. दॅट्स आजीज् टुडे."

ईशानं कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून दिली. बसता बसता मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "याआधी कोणाची होती?"

मुलं ईशाकडे बघायला लागली.

"युअर्स, बाबा," ती म्हणाली. "हीप्स ऑफ टाइम्स. कितीतरी वेळा. आम्ही विचारायचो, आज कोणाची? तर आजी म्हणायच्या, अनंतरावांची राहू दे."

रडून मोकळं होणं मला फार सोपं पडलं असतं. मी त्या खुर्चीकडे बघत, प्रज्ञासमोर, माझ्या मुलीसमोर, किचनमध्ये म्हणालो होतो ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "तुमच्या लोकांना" हे शब्दसुद्धा गाळले नाहीत. प्रज्ञानं मान वर केली नाही. तिला ते आधीपासून माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

रियानं कपाळाला आठ्या घातल्या. वर्गाची शिस्तच तशी, कळलं नाही की विचारायचं.

"विच पीपल, अंकल?"

खोलीत नळ नव्हता, धुवायचे कप नव्हते. सगळे थांबले होते, आणि ती खुर्चीही. मी उत्तर द्यायला सुरुवात केली.