नळाचा अर्ज आणि सात प्रती

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर गेली बावीस वर्षे मी लोकांना अर्ज लिहून देत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी चाकण-महाळुंग्याच्या कंपन्यांतील शेकडो कामगारांची गाऱ्हाणी माझ्याच अक्षरात साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचली आहेत, हे नम्रपणे नमूद करतो. सबब, माझी कन्या, वय वर्षे सोळा, चर्चच्या तरुण संघाबरोबर नऊ दिवसांच्या मिशन ट्रिपला श्रीलंकेस निघाली, तेव्हा तिच्या कागदपत्रांची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. सामान हरवल्याचा अर्ज, आजारपणाचा अर्ज, उपाहारगृहाविरुद्ध तक्रार, असे पाच मसुदे तारखेची जागा कोरी ठेवून मी तिच्या बॅगेत घातले. ते तिने रहाटणीच्या घरीच गादीखाली ठेवले होते, हे मागाहून समजले.

काम असे होते की, डोंगरातल्या एका चहाच्या मळ्यावर कामगारांच्या मुलांची शाळा रंगवायची आणि संध्याकाळी मुलांना भक्तिगीते शिकवायची. पहिल्या तीन दिवसांच्या फोनवरून कळले ते असे. गीते त्या मुलांना आधीपासून येत होती, आणि आमच्या मंडळींपेक्षा सुरात येत होती. भिंतीवर कन्येने काढलेले कोकरू मुलांनी एकमताने डुक्कर ठरवले.

"पप्पा, आम्ही सेवा करायला आलोय की करून घ्यायला, तेच कळत नाही," ती म्हणाली.

तिच्या या म्हणण्याला कारण होते. संघाच्या बारा जणांचा स्वयंपाक मळ्यावरची एक अक्का करीत असे. दिवसभर चहा खुडायचा आणि मग यांच्यासाठी रांधायचे. कामगारांच्या चाळीचा नळ पाच महिने बंद होता, म्हणून आंघोळीचे पाणीसुद्धा ती खालच्या ओढ्यावरून डोक्यावर आणत होती. हे कळल्यावर कन्येने आंघोळ सोडली. चौथ्या दिवशी तिच्या मैत्रिणींनी तिला वेगळे झोपायला सांगितले. तेव्हा तिने अक्काला, शाळेच्या बाईंमार्फत, सांगून टाकले की माझे पप्पा अर्ज लिहितात.

भर दुपारी फोन आला. माझ्यासमोर चार पक्षकार बसले होते. मी उभे राहून मळ्याच्या मॅनेजरच्या नावे नळाचा मसुदा सांगितला, तिने तो इंग्रजीत उतरवला. शेवटी मी माझा नियम सांगितला. अर्जाखाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून त्याखाली मुख्य साहेबापेक्षा मोठ्या अशा किमान सात साहेबांची नावे घालायची. अर्जाचा जीव तिथे असतो. तिने विचारले, इथले मोठे साहेब तिला कसे माहीत असणार. मी म्हटले, चौकशी कर आणि चढत जा. ती चढत चढत थेट भारतीय वकिलातीपर्यंत गेली. चाळीतल्या बायकांनी सह्या केल्या, पहिली सही अक्काची, आणि अर्ज मॅनेजरच्या कचेरीत दिला.

दुसऱ्या सकाळी मळ्याच्या मॅनेजरने निरोप धाडला की, वकिलातीत तक्रारी करणाऱ्या पाहुण्यांनी संध्याकाळपर्यंत सामान बांधावे. अक्काला सोमवारपासून कामावर न येण्यास सांगण्यात आले.

संघाबरोबर गेलेल्या पाळकसाहेबांचा फोन आला. मी सलाम करून तत्काळ सविस्तर खुलासा लिहून देण्याची तयारी दर्शवली.

"हात जोडतो तुम्हाला," ते म्हणाले, "आता काही लिहू नका."

बावीस वर्षांत अशी विनंती मला कोणी केली नव्हती. मग फोन कन्येने घेतला. ती रडत होती, पण प्रश्न सरळ होता.

"पप्पा, खरं सांगा. त्या सात प्रती तुम्ही कधी पाठवता का?"

समोर पक्षकार होते. ही बाब गोपनीय असल्याचे मी सांगितले.

"अक्काचं काम गेलंय. पाठवता की नाही?"

"नाही," मी खालच्या आवाजात म्हणालो. नावे वाचूनच पहिला साहेब हलतो, पुढे टपालाची गरज पडत नाही.

"मीपण नाही पाठवल्या. तुम्ही घरी कधी पाकिटं चिकटवताना दिसला नाहीत, म्हणून मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

ती अक्काला घेऊन मॅनेजरच्या बंगल्यावर गेली. प्रती कुठेही गेलेल्या नाहीत, तिचे वडीलही पाठवत नाहीत, पिंपरीत अर्ज असाच लिहितात, असे तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितले. मॅनेजरने कपाटातून एक कागद काढला. नळाच्या पाइपासाठी त्यानेच पाच महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीला लिहिले होते, खाली पाच प्रती. त्या गेल्या का, असे त्याने कारकुनाला विचारले. कारकून जमिनीकडे पाहू लागला. मूळ पत्र तरी गेले का, असे विचारल्यावरही त्याने मान वर केली नाही.

मॅनेजरने त्यांच्यासमोरच मुख्य कचेरीला फोन लावला. अक्काचे काम राहिले, मंडळी राहिली, आणि आठव्या दिवशी पाइप आला. त्या दिवशी कन्येने चार बादल्या पाण्याने आंघोळ केली आणि मला फोटो पाठवला, बादल्यांचा.

परतल्यावर रविवारी चर्चच्या उपासनेत तिला साक्ष द्यायची होती, म्हणजे तिकडचा अनुभव सर्वांसमोर सांगायचा होता. मी दोन पानी साक्ष तयार ठेवली होती. तिने ती न घेता, घडले तसे सांगितले, प्रतींसकट. बाकांवर माझे निदान सहा पक्षकार होते. उपासना सुटताच चाकणच्या एका कंपनीतला वॉचमन आडवा आला.

"भाऊ, माझ्या पीएफच्या अर्जावर कलेक्टरसाहेब होते. ते कागद गेले का तिकडं?"

हा विषय कार्यालयीन वेळेत घ्यावा, असे मी सुचवले.

"न्हाई गेले," माझी पत्नी म्हणाली. "उद्या या. मी स्वतः टपालात टाकते."

सोमवारी मी टेबल मांडण्यापूर्वीच नऊ माणसे जुने अर्ज घेऊन रांगेत उभी होती. रांगेत पहिले पाळकसाहेब होते, दफनभूमीच्या कुंपणाचा दोन वर्षांपूर्वीचा अर्ज घेऊन. त्याखाली मी अकरा साहेब घातले होते.