नाईट शिफ्टची गोळी

“औषध फेल गेलंय. सोमवारी ऑपरेशनला घ्या,” एवढं बोलून आमचे डायरेक्टर सर पुढच्या बेडकडे वळलेसुद्धा. मी पोटविकारांची डॉक्टर. पेशंट माझा, आणि निर्णय मला असा उभ्या उभ्या कळत होता.

पेशंट भास्कर साळवे, वाळूजच्या एका कारखान्यात ठेक्यावर कामाला. ॲसिड वर येऊन येऊन अन्ननलिका आतून सोलवटली होती. भाकरीचा घास छातीत अडकायचा. कित्येक आठवडे गोळी घेऊनही एंडोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं पाहिलं तर, जखमा जशाच्या तशा.

“सर, औषधाचं आधी नीट बघू या,” मी म्हणाले.

“मग ते नवीन, महागाचं द्या. जुन्यानं काही होत नाही, दिसतंय ना?”

दिसतंय काय, कपाळ! साळवेंना कुणी काही विचारलंच नव्हतं. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

“गोळी रोज घेता?”

“एकबी दिवस चुकलो नाय मॅडम. सकाळी उपाशीपोटी. तुमच्याच ओपीडीत सांगितलं ना?”

“आणि मग जेवता कधी?”

“जेवतो कुठं? कायम नाईटच हाय मला. घरी येतो, गोळी घेतो अन् झोपतो. दुपारी उठल्यावर जेवण.” मग हळूच म्हणाले, “ऑपरेशन नका करू मॅडम. सुट्टी घेतली की ठेकेदार दुसरा माणूस लावतो.”

माझं डोकंच फिरलं. जठरात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात. जेवण आलं की ते चालू होतात. जुनी गोळी, पॅन्टोप्राझोल, फक्त चालू पंप बंद करते, म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. साळवे गोळी घेऊन झोपायचे तेव्हा बहुतेक पंपही झोपलेले. ते उठून जेवेपर्यंत गोळीचा अंमल उतरलेला. नव्या गोळीला जेवणाची वाट बघावी लागत नाही आणि जखम फार मोठी असेल तर ती जास्त कामाची, हे मलाही मान्य आहे. पण जुनीला पेपर न देताच नापास करायचं, आणि शिक्षा म्हणून या माणसाच्या पोटाला भोकं पाडायची? संताप संताप झाला नुसता.

मी ऑपरेशन रद्द करायला लावलं.

“काही झालं तर जबाबदारी तुमची,” सर म्हणाले.

“माझीच आहे.”

गोळी तीच ठेवली. फक्त दुपारी उठल्याबरोबर घ्यायची, अर्ध्या तासानं जेवायचं आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पुढच्या एंडोस्कोपीत अन्ननलिका भरून आलेली दिसली. घरी सोडल्यापासून साळवेंची एकही ड्युटी बुडली नव्हती.

सरांनी रिपोर्ट पाहिला. “लकी निघाला तुमचा पेशंट.”

“लकी नाही सर, नाईट शिफ्टला आहे,” मी म्हणाले.

औषध फेल गेलं असं सांगण्याआधी माणूस जेवतो कधी, एवढं तरी विचारावं. त्याला दुर्बीण लागत नाही.