अक्काचा कन्नडचा पेपर

“बसले की डोळा लागतोय बाई. उभीच बरी हाय मी.”

कर्नाटकाच्या सीमेवरच्या खजुरी गावात, आमच्या वर्गात अक्का वर्षभर उभी राहून शिकली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायकांसाठी आम्ही संस्थेतर्फे विहाराच्या पडवीत दुपारचा वर्ग चालवायचो. अभ्यास इथं करायचा आणि एसएसएलसीला, म्हणजे तिकडच्या दहावीला, बाहेरून बसायचं. अक्का पहाटे शेणपाणी, मग बालवाडीची झाडलोट, पोरांची उसळ, असं सगळं उरकून यायची. वही डाव्या तळहातावर धरून लिहायची. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. तिला ‘बस’ म्हणायलाही आपल्याला संकोच वाटतो.

सातवीत लग्न झालं आणि तिची शाळा सुटली. आता ती बालवाडीत मदतनीस होती. तिथं शिकवणाऱ्या बाई जूनमध्ये काम सोडणार होत्या. त्याआधी एसएसएलसी झाली तर ती जागा अक्काची.

“पोरं माझंच ऐकत्यात बाई. कागद तेवढा न्हाई माझ्याकडं.”

गणित रडतखडत जमलं, बाकीचं मराठीतूनच, म्हणून हसतखेळत. अडलं ते कन्नडला. तिला कन्नड येत नव्हतं असं मात्र समजू नका हं. आठवडी बाजारात बांगडीवाल्याशी ती कन्नडमधून अशी भांडायची, की तो बिचारा दोन बांगड्या जास्त देऊन सुटका करून घ्यायचा. पण तिची शाळा पलीकडं, महाराष्ट्रातल्या गावात झालेली. कन्नड लिहायचं म्हटलं की एक अक्षर येत नव्हतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, अंगात नुसती घाई. मी उत्तरं कन्नडमध्ये सांगायचे, ती आपल्या मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. ‘नम्म ऊरु’, म्हणजे आमचं गाव, हा निबंध तिनं भाकरी थापता थापता पाठ केला. ऐकून ऐकून सासूलाही झाला. कन्नड अक्षरं नंतर गिरवू, असं मीच म्हणायचे. शेवटच्या तीन आठवड्यांत गिरवलीही. हळूहळू का होईना, येऊ लागली होती.

पेपरच्या दिवशी मी तालुक्याला, आळंदला, परीक्षा केंद्राबाहेर उभी होते. अक्का धावतच आली.

“बाई, समदं लिवले! एक बी सोडले न्हाई. दोन पुरवण्या घेतले!”

“पुरवण्या? कन्नडला?”

“व्हय की! आधी कन्नड अक्षरच सुचंना. मग म्हणले, वेळ जायलाय. तुमी सांगितलेलं समदं आपल्या अक्षरात लिवून काढले.”

अख्खा कन्नडचा पेपर मराठी अक्षरांत! कोण तपासणार तो? पण तिचा चेहरा कसा फुललेला! तिनं मला उसाचा रस पाजला. मी प्यायले.

निकालापर्यंत ती रोज विचारायची आणि मी रोज “बघू” म्हणायचे. निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले होते. कन्नडपुढं भोपळा.

“समदं लिवले होते की बाई. मग कामून?”

“तपासणाऱ्याचं काहीतरी चुकलं असेल,” मी म्हणाले. इतकी भेकड मी आयुष्यात कधी झाले नव्हते. आणि वर मलाच रडू फुटलं. तिनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले.

“तुमी कामून रडायलाव? तुमी काय कमी केलाव व्हय?”

पुन्हा फॉर्म भरू म्हटलं, तर नवरा म्हणाला, एकदा झाली तेवढी शोभा बस झाली. जूनमध्ये गुलबर्ग्याची एक पोरगी त्या जागेवर आली. चांगली होती बिचारी, पण मराठीचा गंध नाही. ती कन्नडमधून गोष्ट सांगायची, आणि अक्का हातातला झाडू भिंतीला लावून तीच गोष्ट पोरांना मराठीत सांगायची. सांगून झाली की पुन्हा झाडू घ्यायची.

माझी बदली झाली तेव्हा खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून मी बालवाडीच्या दारात गेले. मला बघून अक्काला कोण आनंद झाला! माझा हात धरून तिनं मला आत नेलं आणि नव्या बाईंना म्हणाली,

“ह्या माझ्या बाई. मला कन्नड ह्यांनीच शिकविले.”