साडूच्या दोन बाटल्या

माझ्या साडूइतकं दुसऱ्यांच्या पोटावर लक्ष ठेवणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही. इंदिरानगरात राहायचा, कॉलेजात जंतू वाढवायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा. मी जन्मभर मळ्यात मेथी वाढवली, तिचं कौतुक कुणी केलं नाही. भेटला की चारचौघांत, बायकांसमोर विचारणार, "काय दादा, पोट काय म्हणतंय?" एका लग्नात मानपानावरून व्याही भांडायला उठले. मी घसा फोडून ओरडलो, कुणी ढुंकून बघितलं नाही. हा नुसता मधे उभा राहिला आणि म्हणाला, "हळू बोला, आतले जंतू ऐकतायत!" दोन्हीकडची मंडळी आपापल्या पोटाकडं बघत गप्प!

खरी आग व्हायची ती अधिक महिन्यात. घोटीला सासूबाई दोघा जावयांना पुरणाचे धोंडे जेवायला घालायच्या. थोरला मी, पण पहिला धोंडा पडायचा त्याच्या पानात. "मास्तर, गरम हाय, लवकर घ्या." मग मीही इरेला पेटायचो. त्यानं एक खाल्ला की मी दोन. दुसऱ्या दिवशी टमरेल हातातून सुटायचं नाही.

"पुरण सोसत नाय तुम्हाला," बायको म्हणायची.

"ताई, पुरणाचा दोष नाही," साडू म्हणाला. "दादांचा जीव जळतोय कशावर तरी."

मला कॉलेजात नेऊन त्यानं दोन बाटल्या दाखवल्या. एक निवळ, दुसरी ताकासारखी गढूळ. "दोन्हीत जंतू सारखेच, खाणंही तेच. माणूस चिडला, घाबरला की अंगात एक रस सुटतो. गढूळ बाटलीत तो थेंबभर घातलाय. मालक बिथरलाय हे त्यांना कळतं, की लागले वाढायला."

"मग मी कुणावर चिडतो, तेही सांग."

गालातल्या गालात हसला. "ते बाटली सांगत नाही, दादा."

पुढच्या अधिकात त्यानं आपल्या पानातला पहिला धोंडा उचलून माझ्या पानात ठेवला. "थोरल्याचा मान," म्हणाला. सासूबाईंचे डोळे भरून आले, त्याच्याच कौतुकानं! त्या खेपेला माझं पोट बिघडलं तसं कधीच बिघडलं नव्हतं.

आता साडू नाही. यंदाच्या अधिकात सासूबाईंनी पहिला धोंडा मला वाढला. शेजारचा पाट रिकामा होता. एकच खाल्ला. कुणाच्या वर खायचं?

सकाळी बायकोनं चहा पुढं केला. "पोट काय म्हणतंय?"

"काहीच म्हणत नाय," मी म्हणालो.