शाडूचा लेप आणि सईचा मामा

पेणहून कारखान्याच्या मालकांचा फोन आला, तेव्हा मी रोह्याच्या घरात मलमाची ट्यूब हातात घेऊन माझ्या लेकीच्या, सईच्या मागे धावत होते. "ताई, दादा गेले..." एवढंच ते म्हणाले. दुपारी जेवून दादा भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. माझा थोरला भाऊ गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तींचे डोळे काढायचा. लग्न केलं नाही. कुणी टोकलं की म्हणायचा, "येवढे गणपती बघतात माझ्याकडं, आनि कोन पायजे?" आता महिना उलटून गेला. लोकांना त्याने काढलेले डोळे आठवतात, मला मात्र तो आठवतो मलमाच्या ट्यूबपाशी. हसू नका, खरंच तसं आहे.

सई दोन वर्षांची असताना तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचेत लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून पोर रक्त काढायची. नवरा कंपनीत शिफ्टला, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार. कुणी कडुलिंब सांगे, कुणी हळद. समोरच्या काकूंनी तर मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. हे पोरीच्या अंगाला जन्माचं चिकटणार या धास्तीने मला घास गोड लागत नव्हता. अशात एका रविवारी दादा आला, तो ओल्या फडक्यात शाडूचा गोळा गुंडाळून. "शाडू थंड असते गो. आमचे हात दिवसभर तिच्यात, कदी खाज नाय का काय नाय." त्याने माती पातळ कालवली आणि बोटांनी हळूहळू लेप दिला. ओला होता तोवर सई गप्प राहिली. आम्ही दोघं गड जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. मग लेप सुकायला लागला... ताणला, तडकला, आणि पोरीने जो टाहो फोडला! दादाने घाईघाईने कोमट पाण्याने तो धुऊन काढला. मी त्याला फाडफाड बोलले, बोलायलाच हवं होतं. तो चहाही न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर! सीझन तोंडावर आलेला असताना सुट्टी टाकून आला होता. आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कातडी फार कोरडी पडते म्हणून खाज सुटते, असं त्यांनी समजावलं. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. नखं बारीक, कपडे सुती. फारच खाज सुटली तर गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं. बाहेर आल्यावर दादा रस्त्यातच थांबला. "कच्च्या मूर्तीवर आमी ओलं फडकं टाकतो, सुकली का तडे जातात. मला ठावं हाय ना ह्ये! आनि मी शाना, पोरीला सुकवायला निघालो." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते.

पण मलम झोंबायचं आणि सई अंगाला हात लावू द्यायची नाही. तेव्हा दादाने नवा कोरा मऊ ब्रश आणला, धुतला, त्याच्या टोकावर मलम घेतलं. "सईबाई, आज तुजी आखणी. गणपती हलतो का?" सईने नाही म्हणून मान हलवली. "मग तू पन हलायचं नाय." आणि काय सांगू, ती पोर श्वास रोखून पाटावर बसली! मग दर रविवारी हेच. एरवी मी लावायचे, तेव्हा रडारड आणि लाथाबुक्क्या. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? भावाच्या हाताला लेक शहाणी आणि माझ्या हाताला वेडी...

चट्टे वाढत्या वयाबरोबर कमी झाले, पण गेले नाहीत. आता ती तिसरीत आहे. दादा गेला आणि ते पुन्हा उसळले, पाठीवरसुद्धा. मलम लावू देईना. शाळेतून बाईंनी विचारलं, हिच्या बाहीला रक्त कसलं? शेवटी परवा मी तोच ब्रश काढला आणि त्याच्यासारखा आवाज करून म्हटलं, "सईबाई, आज तुजी आखणी..." तिने ब्रश हिसकावून घेतला. "मामासारखं बोलू नको!" आणि आत निघून गेली. मी तिथेच बसून रडले. दादा गेल्यापासून सगळ्यांना धीर देत होते, तोवर रडायला जमलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने सई आली. हातात ट्यूब होती, ब्रश नव्हता. "कोपरांना मी लावलं. पाठीला माझा हात पोचत नाय. तू लाव... बोटानंच लाव." ती माझ्याकडे पाठ करून बसली. मी बोटावर मलम घेतलं आणि हलक्या हाताने लावत गेले. झोंबत असणार, कारण तिच्या पायाची बोटं आवळलेली दिसत होती. पण श्वास रोखून, पाठ ताठ ठेवून बसलेली माझी लेक जरासुद्धा हलली नाही.