ऊन विचारणारा भाडेकरू

आमच्या चिखलीत भाड्याने खोली बघायला माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पाणी किती वाजता येतं. दुसरा, गाडी कुठे लावायची. दिगंबरने यातलं काहीच विचारलं नाही. वरच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला, चारी भिंती न्याहाळल्या आणि म्हणाला, "काकू, इथं ऊन कुठून येतं?"

मला वाटलं, पोराला कपडे वाळवायची काळजी आहे. म्हटलं, सकाळी या खिडकीतून, दुपारनंतर गच्चीवर.

"आणि पांढरी भिंत हीच का?"

"हीच."

"मग घेतो," म्हणाला. नळ उघडूनसुद्धा बघितला नाही. खरं तर तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दिगंबर लातूरकडचा. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होता, म्हणजे तयार झालेले सुटे भाग मापून बघायचे आणि बरोबर की चूक ते ठरवायचं. डबा माझ्याकडेच लावला. मी तीस माणसांचे डबे करते, त्यात एकतिसावा. कुणीतरी वापरून टाकलेला कॅमेरा त्याने घेतला होता आणि फोटो काढायची सगळी विद्या मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला होता. नोकरी सोडायची आणि लग्नकार्यांचे फोटो काढणारा पक्का फोटोग्राफर व्हायचं, एवढा एकच ध्यास. हात बसावा म्हणून रोज सराव करायचा. आता सराव करायला माणसं लागतात, आणि घरात माणसं कोण, तर मी आणि आमचे हे.

"काकू, हलू नका." हे वाक्य मी त्या तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा मी कुशीवर वळायची थांबत असेन. तुळस उचलून गच्चीवर नेली, कारण तिथे उजेड मऊ असतो म्हणे. माझी पांढरी चादर उजेड परतवायला दोरीवर टांगली. ह्यांना पेपर वाचताना तीनदा मान वर करायला लावली, तेव्हा ह्यांनी मुकाट्याने खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं.

बरं, एवढं करून फोटो काढायचा किती, तर एक. एक काढायचा आणि मान खाली घालून मागच्या स्क्रीनवर तो बघत बसायचा. मोठा करायचा, डोळा बघायचा, कान बघायचा, पापणीचा केस बघायचा. तोपर्यंत मी पदर सावरून, हसू धरून उभी. गालफडं दुखायची. मग मान हलवून म्हणायचा, "रिजेक्ट."

मी एकदा विचारलंच. बाबा रे, भराभर दहा काढ आणि मग निवांत बघ की.

"तसं न्हाई चालत, काकू," म्हणाला. "पहिला पीस पास झाल्याबिगर लाईन चालू करायची नसती."

मग सगळं समजावून सांगितलं. शिफ्ट सुरू झाली की मशीनवर पहिला भाग तयार होतो, तो ह्याच्याकडे येतो, हा मोजतो, सही करतो, मग पुढचं काम सुरू. नवीन असताना एकदा त्याने न मोजता सही केली होती. अख्खा लॉट परत आला आणि सगळ्यांसमोर साहेबांनी त्याला पहिला भाग हातात धरून उभं केलं. तेव्हापासून हा माणूस तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चहा दिला तरी आधी एक घोट घेऊन थांबायचा.

तिकडे कंपनीत लाल, हिरवे, पिवळे स्टिकर असतात. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड, अजून ठरलेलं नाही. हे स्टिकर त्याने घरी आणले आणि छापलेल्या फोटोंच्या मागे लावायला लागला. एक दिवस माझ्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर लाल स्टिकर. मी पायरीवरून हाक मारली, "दिगंबर, खाली ये." आला. "मीठ जास्त झालंय, काकू," म्हणाला, शांतपणे. त्याचं खरं होतं, तोच तर वैताग.

माझे फोटो तर सगळे लालच. तीन वर्षांत एक पास नाही. "तुम्ही हलता," हेच कारण.

तरी पोरगा सरळ होता. डोळाही होता त्याला, ते मला कळत होतं. म्हणून माझ्या भाचीचं, सोनालीचं लग्न ठरलं तेव्हा मीच पुढे झाले. माझं माहेर चाकणजवळच्या खेड्यातलं. भाऊ गावातला चारचौघांत मान असलेला माणूस. त्याच्या घरचं काम पसंत पडलं की आसपासच्या दहा गावांतली लग्नं दिगंबरकडे आलीच. मी भावाला म्हटलं, फोटोला माझा माणूस, दुसरा कुणी बोलवू नको. दिगंबरने राजीनामा लिहून ठेवला. मला वाचून दाखवला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "लग्न झालं की सोमवारी देतो, काकू."

लग्न दारासमोरच्या मांडवात, दुपारचा मुहूर्त. सकाळपासून दिगंबर हळदीच्या ताटाचा एक फोटो, बांगड्यांचा एक फोटो, असं करत होता. ताटं हलत नाहीत, त्यामुळे सगळं सुरळीत. मग शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. हातात अक्षता, त्यामुळे सगळ्यांचे मोबाईल खिशात. मधे अंतरपाट, अलीकडे सोनाली, पलीकडे जावई. दिगंबरने नेम धरला, खट् केलं आणि मान खाली घातली.

मी दोन हातांवर उभी होते. मला स्पष्ट दिसत होतं, अंगठ्याने तो फोटो मोठा करत होता. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं, अंतरपाट खाली गेला, वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडल्या. त्यातल्या निम्म्या दिगंबरच्या वाकलेल्या मानेवर पडल्या. मी "अरे दिगंबर" म्हणेपर्यंत दोघांच्या गळ्यात हार होते.

भाऊ तिथेच आला. "आक्का, ह्यो मानूस कुटनं आनलास गं? लगीन लागताना खाली मुंडी घालून हुबा, जनू ह्येचंच लगीन हाय."

दिगंबरच्या केसांत अक्षता तशाच. म्हणाला, "मामा, पहिल्या फोटोत ताईंचे डोळे मिटले होते. ते तपासायलो होतो."

"आरं, मग उगाडलं कवा, ते कुनी बगायचं?"

भाऊ गुरुजींकडे गेला. "गुरुजी, परत धरा की अंतरपाट. दोन मिन्टांचं काम हाय."

गुरुजी उपरणं झटकत म्हणाले, "लग्न लागलं. परत लावायचं तर आधी मोडावं लागेल. विचारा मुलीला."

सोनालीला हसू आलं, पण भावाला आलं नाही. अल्बम झाला. त्यात अंतरपाट खाली जायच्या आधीचा, मिटल्या डोळ्यांचा एक फोटो आणि नंतरचे गळ्यात हार घातलेले. मधलं लग्न नाही. गावात कुणी ना कुणी विचारायचंच, लागतानाचा फोटो कुठाय.

सोमवार गेला. राजीनामा खिशातून कुठे गेला ते मी विचारलं नाही. कॅमेरा त्याने पिशवीत घालून माळ्यावर टाकला. "मी इन्स्पेक्शनलाच बरा, काकू," म्हणाला आणि ताटाकडे बघून जेवायला लागला. लोणच्यात मीठ जास्त होतं तरी बोलला नाही. आता मला सांगा, ह्या माणसाने बोलून तीन वर्षं डोकं उठवलं, आणि गप्प बसला तर त्याहून उठवलं.

आठ दिवस बघितलं. मग त्याची दुपारची शिफ्ट आली, सकाळी घरी होता. मी ओट्याशी चपात्या करत होते. हाक मारली, "कॅमेरा काढ माळ्यावरून आणि इकडे ये." आला. मिक्सरच्या वायरीला गुंडाळून उरलेली काळी चिकटपट्टी माझ्याकडे होती. कॅमेरा हातात घेतला आणि त्या मागच्या स्क्रीनवर आडव्या तीन पट्ट्या मारल्या. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी ती त्याच्याच डोळ्यांवर चिकटवली.

"काकू, आता दिसणार कसं?"

"मला चपातीची खालची बाजू दिसते का? एक तव्यावर, दुसरी पोळपाटावर. तव्यावरची बघत बसले तर डब्याची तीस माणसं उपाशी. हाताला कळतं, वासाला कळतं."

"आणि जळाली तर?"

"जळाली तर जळाली. ती मी खाते. चल, काढ."

त्या दिवशी शिफ्टला निघायच्या आधी त्याने लॅपटॉपवर दाखवलं. कणकेचा डबा, माझं कोपर, रिकामा तवा, माझं कोपर. चपाती एकाही फोटोत नाही. मी म्हटलं, उद्या परत. असं महिनाभर चाललं असेल, एक आठवडा सोडून एक. स्वयंपाकघरात आधीच जागा नाही, त्यात हा ओट्याला पाठ लावून उभा. दोनदा पिठाच्या डब्यात पाय घातला. पण एक दिवस म्हणाला, "काकू, चपाती उलटायच्या आधी तुमच्या बांगड्या वाजायच्या थांबतात." तीस वर्षं चपात्या करतेय, मला हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्याच्या फोटोंत चपाती यायला लागली. टम्म फुगलेली, हवेत असलेली, कडेला वाफ.

पुढच्या वर्षी सोनाली बाळंतपणाला माहेरी आली. बारशाचं आमंत्रण द्यायला भावाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, दिगंबरला आणते.

"न्हाई. अजाबात न्हाई."

"फोटोला नाही रे, जेवायला येतोय."

गेलो. भावाने दिगंबरच्या गळ्यातला कॅमेरा बघितला, कॅमेऱ्यामागची पट्टी बघितली. "ह्ये काय, मलमपट्टी?" दिगंबर म्हणाला, "व्हय मामा, औषध आहे." भाऊ बाजूला झाला.

पाळणा सजवलेला. बायका पाळणा म्हणत होत्या. सोनालीची नणंद, म्हणजे बाळाची आत्या, नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. आत्याने कुर्र केलं की बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात, तो एक क्षण. दिगंबर डोळ्याला कॅमेरा लावून नुसता ऐकत होता. बायकांचं गाणं थांबलं. खट्. त्याची मान सवयीने खाली जायला निघाली, मी बघत होते, अर्ध्यात थांबली आणि वर आली. खट्, खट्. माझं सगळं लक्ष त्या मानेकडे, नाव काय ठेवलं ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

जेवणं झाल्यावर भावाने स्वतःच नखाने पट्टी सोलली. "दाव बगू." दिगंबर एकेक दाखवत गेला आणि एका फोटोवर पुढे सरकवायला लागला. भावाने हात धरला. धपाटे घालणारे हात नुसते पुसट रेघा झालेले, आत्या अर्धी वाकलेली, आणि मधे सोनाली, तोंड उघडं टाकून हसणारी.

"मामा, हा रिजेक्ट आहे. फोकस चुकलाय, ताईंच्या मागच्या भिंतीवर बसलाय."

"भिंतीचं ऱ्हाऊ दे. माजी पोरगी हसतीया न्हवं? ह्योच मोटा करून दे." आणि वर, "म्होरल्या महिन्यात माज्या साडूच्या पोराचं लगीन हाय. पट्टी लावूनच ये."

परत निघालो, मी दिगंबरच्या गाडीवर मागे. चाकणच्या चौकात नेहमीची कोंडी, कंटेनर, धूर. तासाभराने जरा वाट मिळाली तर ह्याने गाडी उलटी वळवली.

"आता काय विसरलास?"

"काकू, कंपनीत असा पीस असतो. मापात बसत न्हाई, पण कस्टमर म्हणतो चालतंय, द्या. तसं देता येतं. फक्त त्यावर कस्टमरची सही लागती."

माझ्या गुडघ्यांची, कमरेची, उन्हाची सगळी शपथ घालून झाली. ऐकला नाही. त्या कोंडीतून परत गावी. भावाने कपाळाला हात लावला आणि वहीच्या कागदावर सही करून दिली, 'फोटो चालेल.' तो कागद दिगंबरने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, जिथे मागे राजीनामा होता.

साडूच्या मुलाचं लग्न झालं. लागतानाचे फोटो आले, त्यात काही चुकलेलेही होते. ते त्याने स्वतःच बाजूला काढले आणि म्हणाला, "हे मी खातो." त्या सोमवारी नवा राजीनामा लिहिला आणि दिला. आता देहूरोडला त्याचं छोटं दुकान आहे, मागे राहायची खोली. जाताना सामान उतरवायला अर्धा दिवस लावला, कारण प्रत्येक खोक्यावर स्टिकर. मी पायरीवर उभी राहून म्हटलं, "तीन-चार वर्षं मला उन्हात उभं केलंस. एक तरी फोटो पास कर."

"तुम्ही हलता, काकू," म्हणाला आणि गेला.

महिन्याने टपालाने पाकीट आलं. आत माझा फोटो. ओट्याशी उभी, हात पिठाचे आणि पुसट, चपाती तव्यावरून सुटलेली, चेहरा अर्धा वाफेत. पाठीमागे बघितलं, म्हटलं शेवटी हिरवा लावला असेल. पिवळा होता. खाली बारीक अक्षरात, 'होल्ड. पुन्हा तपासायला येईन.'

ये म्हणावं. वरची खोली अजून रिकामी आहे. बघायला येतात बरेच, पण जो येतो तो पाणी किती वाजता येतं तेच विचारतो.