हायड्रोजनच्या फाट्यावर मामा

विश्वात कुठेतरी कोणीतरी शहाणं राहतंय आणि आज ना उद्या ते आपल्याशी बोलणारच, याबद्दल तीळभरही शंका नसलेला माणूस हिंगोली जिल्ह्यात एकच आहे आणि मी त्याचा जावई आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, वारंगा फाट्याला एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म लोकांना ‘येईल, येईल’ म्हणण्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीत उतरतात. मामांनी डोंगरकड्याजवळच्या आपल्या गावी, घराच्या गच्चीवर, केबलवाल्यानं टाकून दिलेली भलीमोठी जाळीची डिश चढवली, रेडिओचा एक चिमुकला रिसीव्हर मागवून जुन्या लॅपटॉपला जोडला आणि हेडफोन लावून परग्रहावरच्या लोकांची वाट बघायला सुरुवात केली. तीही भर दुपारी, डोक्यावर छत्री धरून. “ही कामं रात्रीची ना, मामा?” मी एकदा विचारलं. “बघायचं असलं तर रात्री. आपल्याला ऐकायचंय. रेडिओला ऊन लागतं व्हय?”

हायड्रोजन सगळ्या विश्वात भरलेला असतो, त्याची स्वतःची एक रेडिओलहर असते आणि शास्त्र शिकलेल्या कोणालाही ती ठाऊक असणार, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ तिच्या आसपास कान लावून असतात. हे मामांनी मला समजावलं ते असं : “तुमाला एखाद्याला भेटायचंय, पण त्याचा ना पत्ता ना फोन. कुठं थांबाल? फाट्यावर. हायड्रोजन म्हंजी आभाळातला फाटा हाय, जावईबापू. येणारा तिथूनच जाणार.” गच्चीवर जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालत. पाहुणे कधी येतील सांगता येत नाही म्हणून. सासूबाईंचं मत वेगळं होतं. “घरातून हाक मारली तर ऐकू येत न्हाई, अन् आभाळातलं ऐकून राहिले!” डिशचं तोंड कायम सरळ वर असल्यामुळे तिच्या पोटात त्या निवांत मिरच्या वाळत घालत.

मागच्या वर्षी हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा मी तिकडे गेलो होतो. मामांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. टक... टक... टक. घड्याळासारखा नेमका ठोका. “हे निसर्गाचं न्हाई,” मामा कुजबुजले. “कोन तरी करून राहिलंय.” माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

बातमी गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी डिशला हार घातला. तालुक्याहून मोबाइलवर बातम्या देणारा एक पत्रकार आला आणि माइक पुढे करून म्हणाला, “काका, फक्त ‘सापडले’ एवढं म्हणा. बाकी मी बघतो.”

मामांनी माइक बाजूला केला. “गाडी डोळ्यानं दिसल्याबिगर मी कधी पुकारली न्हाई. लोक पिशव्या उचलून पळतात, लेकरं पडतात.” एवढं बोलून त्यांनी डिशला हात घातला आणि तिचं तोंड खाली कळमनुरीकडे फिरवलं. मिरच्या पत्रकाराच्या अंगावर सांडल्या. टकटक मात्र होती तशीच. मामांचा चेहरा उतरला. “वरून येत असतं तर तोंड फिरवल्यावर गेलं असतं. हे आपल्या शेजारचंच हाय.”

शेजारी, घराला लागूनच, त्यांच्या चुलतभावाचं शेत. बांधावरून काहीतरी बिनसलं होतं आणि कित्येक वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. रानडुकरांपासून हरभरा वाचवायला चुलतभावानं नुकतीच कुंपणाला, तारेत सेकंदा-सेकंदाला विजेचा झटका सोडणारी झटका मशीन लावली होती. मामांनी त्या तारेकडे बघितलं. मग हेडफोन माझ्या हाती देऊन खाली उतरले आणि थेट बांधावर जाऊन उभे राहिले. हरभऱ्यातला चुलतभाऊ कंबर सरळ करून बघतच राहिला.

“जरा मशीन बंद करतूस का?”

“काहून? काई तकलीफ झाली का?”

“न्हाई. बघायचं हाय.”

त्यानं बटण दाबलं. माझ्या कानातली टकटक थांबली. सगळी गच्ची माझ्याकडे बघत होती. “थांबलं, मामा!” मी ओरडलो, आणि खरं बोलताना इतकं जड मला कधी वाटलं नव्हतं.

मामा हसायला लागले, ते इतके की बांधावर बसावंच लागलं. चुलतभाऊ घाबरून जवळ आला. “म्या काई बिघडवलं का, दादा?”

“न्हाई रे,” मामा डोळे पुसत म्हणाले. “वर चल. च्या घेऊ.”

त्या दिवसापासून मशीन दुपारी बंद राहू लागली. चुलतभाऊ रोज गच्चीवर येऊन बसे. मामा आभाळाकडे कान लावत आणि तो हरभऱ्याकडे डोळा ठेवत मधूनच डुकरांवर ओरडे. त्याच्या ओरडण्यानं मामांचं ऐकणं पुरतं बुडत असे, पण मामा कधी चिडलेले मी पाहिले नाहीत. परग्रहावरच्या लोकांना ज्वारी पिकवता येत असेल का, यावर त्यांचं कडाक्याचं भांडण होई आणि सासूबाईंना दुसरा चहा टाकावा लागे.

यंदा गुडघ्यांमुळे चुलतभावाला लेकीनं नांदेडला नेलं. शेत पडीक आहे, मशीनही काढून ठेवली आहे. मामांच्या भाषेत, ऐकायला इतकं साफ आभाळ कधीच नव्हतं. परवा गेलो तर ते गच्चीवर बसले होते, पण हेडफोन गळ्यात. मोबाइल वाजला. मामांनी इतक्या घाईनं उचलला की छत्री कलंडली. पलीकडून ओळखीचा मोठा आवाज आला, “दादा, आला का कोनाचा निरोप?”

“अजून न्हाई,” मामा म्हणाले, आणि हळूच विचारलं, “तू कवा येऊन राहिला?”